बुरुलकान सही करत नाही

कागदावरचा "स्वेच्छेने" हा शब्द वाचून बुरुलकानला आधी हसूच आलं.

कागद कुलगुरू मेलिसने स्वतःच्या हाताने तिच्यापुढे सरकवला होता. कुरणशास्त्र विभागाची प्रमुख वय आणि प्रकृती यांच्या कारणाने स्वेच्छेने राजीनामा देत आहे, असं त्यात छापलेलं. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

"माझ्या प्रकृतीला काय झालंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं. असं लिहायची पद्धत असते."

"गेल्या आठवड्यात मी पोरांना घेऊन खिंडीपर्यंत चढून आले. तू हा एवढा जिना चढलास तरी खुर्चीत बसून धापा टाकतोस. प्रकृतीचं कारण तूच लाव."

मेलिस हसला. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि मग त्या माणसाची खैर नव्हती. पण हे दोघं याच विद्यापीठात एका बाकावर शिकलेले. त्याच्या वनस्पतीशास्त्राच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या बुरुलकानने काढून दिलेल्या. पुढे तो सभा-समित्यांच्या वाटेने वर चढत गेला आणि ती गवतात राहिली.

"बुरुल, जरा डोकं शांत ठेवून ऐक," तो म्हणाला. "उन्हाळ्याआधी मंत्रालयाची समिती येतेय. ज्या विद्यापीठाचे परदेशी नियतकालिकांत लेख नाहीत, परदेशी विद्यार्थी नाहीत, स्वतःची कमाई नाही, ते राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठात विलीन. आपल्याकडे कमावता विभाग एकच, वैद्यकीय. भारत-पाकिस्तानची पोरं फी भरतात म्हणून तुझा पगार होतो, माझा होतो. त्यांना वसतिगृह हवंय. आणि बांधता येईल अशी सपाट जागा आपल्याकडे..."

"कुंपण."

"कुंपण," मेलिस म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

बुरुलकानने कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि उठली.

"सही?"

"स्वेच्छा झाली की करीन."

कुंपण म्हणजे किरगीझ डोंगरांतल्या या विद्यापीठाच्या मागे, नदीकडे उतरणाऱ्या टेकडीवरचा तारेने वेढलेला एक तुकडा. सोव्हिएत काळात बुरुलकानच्या गुरूंनी तो आखला होता. आत मेंढरू जाऊ द्यायचं नाही, घोडा जाऊ द्यायचा नाही, नांगर लावायचा नाही. दर वसंतात आतलं गवत आणि बाहेरचं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं, कुठली जात वाढली, कुठली नाहीशी झाली ते लिहून ठेवायचं. बस. बघणाऱ्याला ते एक वाळकं रान दिसे. पण आजूबाजूचे मेंढपाळ कळप वरच्या कुरणावर केव्हा न्यायचे हे ठरवायच्या आधी बुरुलकानला विचारायला येत. बर्फ लवकर वितळू लागलं होतं, गवत आधी उगवून आधीच करपू लागलं होतं आणि बापजाद्यांचे अंदाज चुकायला लागले होते. पूर्वी कसं होतं आणि आता कसं आहे हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारी त्या खोऱ्यातली जागा ही एवढीच.

ती टिकली ती सहजासहजी नाही. सोव्हिएत देश मोडला त्या वर्षांत पगार म्हणून कधी पिठाचं पोतं मिळे, कधी सिगारेटचं खोकं. लोक तार चोरून भंगारात घालत होते. बुरुलकान तेव्हा नुकती लागलेली. सकाळी गावच्या मोटारतळावर घरी तळलेले बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, विकायची आणि दुपारी हातांचा तेलकट वास घेऊन वर्गावर जायची. एकदा दोन बाप्ये पक्कड घेऊन तार कापत असताना तिने त्यांना गाठलं. हातात काही नव्हतं, बोर्सोकची रिकामी परात होती. तिने ती परात अशी काही बडवली की खालच्या वस्तीतून बायका धावत आल्या. त्या दोघांतला एक जण ट्रक ड्रायव्हर होता, तोलेगेन नावाचा. पुढच्या वर्षी त्याच्याशीच तिने लग्न केलं. तोलेगेन आजही चारचौघांत सांगतो, "मी तार न्यायला गेलो होतो, हिने मलाच अडकवून ठेवलं."

अलीकडच्या वर्षांत संकटं पक्कड घेऊन येत नसत. ती छापील येत. आधी सरकारने विद्यापीठांना स्वायत्तता दिली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मग कळलं की स्वायत्तता म्हणजे इथून पुढे पैसे तुमचे तुम्ही शोधा. बुरुलकानने शोधले. एका दूरच्या श्रीमंत देशातल्या संस्थेने कुंपणात मातीचा ओलावा मोजणारी यंत्रं बसवली, दोन तरुण मदतनिसांचा पगार दिला. दोन वर्षं छान गेली. मग त्या देशात सरकार बदललं आणि एका सकाळी ई-मेल आला की कार्यक्रम थांबवण्यात येत आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मदतनिसांतला एक मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेला, दुसरी कोरियात कारखान्यात लागली. यंत्रं मातीत तशीच राहिली.

त्यानंतर लेखांचं आलं. परदेशी यादीतल्या नियतकालिकात नाव छापून आलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. लगोलग दलाल उगवले. फोनवर संदेश यायचा: लेख तयार आहे, विषय कुठलाही, लेखकांत पहिलं नाव महाग, चौथं स्वस्त. विद्यापीठातल्या निम्म्या लोकांनी कुठे ना कुठे चौथं नाव घेतलं. रशियन साहित्याच्या प्राध्यापकाचं नाव माशांच्या खाद्यावरच्या लेखात आलं. त्याने आयुष्यात मासा धरला नव्हता. बुरुलकानने दलालाला फोन करून विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे का तू काय विकतोस?" आणि त्याचा नंबर बंद करून टाकला. ती आपली मेंढपाळांसाठी किरगीझमध्ये पातळ पुस्तिका लिहायची. कुठलं गवत केव्हा चारावं, कुठल्या कुरणाला एक साल विश्रांती द्यावी. त्या पुस्तिका घोड्याच्या खोगिराच्या पिशव्यांत, चहाच्या डागांसकट, सगळ्या खोऱ्यात फिरत. त्यांचे गुण शून्य.

त्या दिवशी घरी येऊन तिने तोलेगेनपुढे तो कागद टाकला.

त्याने चष्मा शोधून वाचला. "मग? काय करणार?"

"काय करू?"

"मला विचारतेस? तीस-बत्तीस वर्षांत मला विचारून तू काय केलंयस?" त्याने कागद उलटा करून त्यावर चहाचा पेला ठेवला. "एक सांगतो म्हातारे. घरी बसलीस तर दिवसभर माझ्या मागे लागशील. मला ते झेपायचं नाही. तू भांडच."

भांडायचं म्हणजे काय, हे लवकरच ठरलं. ठेकेदाराचं खोदायचं यंत्र एका सोमवारी टेकडीखाली येऊन उभं राहिलं. मंगळवारी बुरुलकानने ओळखीच्या मेंढपाळणीकडून, सोनुनबूकडून, लोकरीच्या नमद्याचं गोल घर मागून आणलं. लाकडी जाळी, वासे, नमदे, सगळं तोलेगेनने मित्राच्या ट्रकमधून आणून टाकलं. दुपारपर्यंत फाटकासमोर, यंत्राच्या वाटेवर बरोबर मधोमध, घर उभं राहिलं. एक विद्यार्थी वासा टेकवायला चुकून तारेच्या आत गेला तर बुरुलकान त्याच्यावर अशी ओरडली की यंत्राचा चालकही खाली उतरून दोन पावलं मागे सरला.

मग तिने विद्यापीठाच्या फळ्यावरच्या वेळापत्रकात आपल्या सगळ्या तासांपुढची खोली खोडून तिथे लिहिलं: कुंपणासमोर.

मेलिसचा फोन आला. "हा काय तमाशा आहे?"

"वर्ग आहे."

"त्या यंत्राचं भाडं रोज चढतंय!"

"मग परत पाठव. ते बिचारं काही शिकत नाहीये नुसतं उभं राहून."

वर्ग भरू लागले. मुलं नमद्यावर मांडी घालून बसत, मधे चुलीवर किटली. गावातले लोकही येऊन डोकावू लागले, आणि इथेच पंचाईत झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारातली दहा-पंधरा माणसं चढून आली. पुढे जो होता त्याचं मोबाईलचं दुकान होतं, आवाज मोठा.

"एजे, आम्ही तुमच्या बाजूने आहोत!" तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा म्हणाला. "ही काळी पोरं येऊन आमच्या जमिनी घ्यायला लागली. चला, त्यांच्या वसतिगृहावर जाऊ. दाखवू त्यांना!"

मागच्यांनी होकार भरला. दोघांच्या हातात काठ्या होत्या.

बुरुलकान चुलीपाशी बसली होती, ती उठून बाहेर आली. "काठ्या कशाला आणल्यात?"

"त्यांना..."

"त्यांनी हुकूम काढला? त्यांनी ठेकेदार आणला? तू मोबाईलचं कार्ड त्यांना दुप्पट भावाने विकतोस, ते मला माहीत नाही असं वाटतं? तेव्हा बरी गोड लागतात ती पोरं." मागे कुणीतरी हसलं. "माझं भांडण ज्यांच्याशी आहे ते वर दुसऱ्या मजल्यावर बसतात. हिंमत असेल तर ती काठी घेऊन तिथे जा. नसेल तर घरी जा. माझ्या नावावर कुणाच्या पोराला हात लावलात तर पहिली मी पोलिसांत उभी राहीन, तुमच्या विरुद्ध."

"आम्ही तुमच्यासाठी आलो आणि तुम्ही..."

"माझ्यासाठी आला असाल तर आत या, बसा, चहा प्या. गवताचा तास चाललाय."

दोघे आत आले. बाकीचे पुटपुटत उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखत आली. वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाची, भारतातल्या किशनगंजची मुलगी. डोक्यावर ओढणी, वर जाडजूड जाकीट. तिचं किरगीझ बाजारात शिकलेलं, त्यामुळे ती बटाटेवालीसारखं बोले.

"एजेके, तुम्ही आमच्यावर चिडल्यात का? खरं सांगा, घासाघीस नको."

बुरुलकानला हसू फुटलं. "कुणी सांगितलं तुला?"

"कुलगुरू म्हणाले, गावाला तुम्ही लोक नको आहात, म्हणून वसतिगृह अडवलंय."

"आणि मला म्हणाले, वसतिगृहावाचून तुम्ही लोक निघून जाल, मग आमचे पगार बंद."

निखत चुलीपाशी बसली. "खोल्या दाटीच्या आहेत, खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. "पण आमचं दुखणं वेगळंच आहे. आमच्या देशाने नियम बदललेत. नुसती पुस्तकी डिग्री आता चालत नाही, दवाखान्यात काम केलेलं पाहिजे. इथे भरती करताना सांगितलं, मोठ्ठं इस्पितळ आहे. आम्ही त्याच्या फाटकापर्यंतच गेलो. चौथं वर्ष संपत आलंय आणि मी अजून एका जित्या माणसाची नाडी धरलेली नाही. बाबांनी माझ्यासाठी दुकान विकलंय. मी घरी जाऊन काय सांगू?"

तोलेगेन कोपऱ्यात सरपण रचत होता. तो उठला, बाही सरकवली आणि तिच्यापुढे हात धरला.

"घे, पोरी. माझी धर. चालू आहे का तेवढं सांग, हिला रोज शंका येते."

निखतने आधी बुरुलकानकडे पाहिलं. मग तिने दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे नजर लावली. चुलीवर किटली उकळत होती.

"चालू आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर वैद्यकीयची मुलं रोज दोन-चार, दोन-चार करून येऊ लागली. कुरणशास्त्राच्या मुलांनी त्यांना गवतांची नावं सांगितली. त्यांनी भात शिजवून आणला, त्यात इतकं तिखट होतं की सोनुनबूने अर्धा वाडगा ताक पिऊन घेतलं आणि पुन्हा वाढून मागितला.

समिती आली तेव्हा मे महिना लागला होता. राजधानीतले तिघे आणि त्यांच्याबरोबर एक परदेशी तज्ज्ञ, उंच, थकलेल्या चेहऱ्याचा, शेजारी दुभाषी. मोठ्या हॉलमध्ये मेलिसने पडद्यावर वसतिगृहाचं चित्र दाखवलं. त्यात कुंपणाच्या जागी कारंजं होतं. मग प्रत्येक विभागाचे गुण दाखवणारा तक्ता आला. कुरणशास्त्रापुढे शून्य होतं.

बोलणाऱ्यांच्या यादीत बुरुलकानचं नाव नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"बुरुलकान सादीकोव्ना, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत," मेलिस माइकवरून, आज वडिलांच्या नावासकट हाक मारत म्हणाला.

"शेवटी चहा असतो आणि सगळे पळतात. मी आत्ताच बोलते." ती समितीकडे वळली. "ते शून्य माझं आहे. मी ते जपून ठेवलंय. दलालाचा फोन मलाही आला होता. या तक्त्यातले बाकीचे आकडे कुठून आले ते मी सांगणार नाही. माझी सहकारी माणसं आहेत, त्यांना पोरंबाळं आहेत. पण आमच्यावर ही वेळ आणणारा नियम तुम्ही केलात. खोऱ्याला मदत झाली का, हे तुम्ही विचारलं नाही. दूरच्या कुणी छापलं का, एवढंच विचारलंत."

हॉलमध्ये बरीच डोकी खाली गेली. रशियन साहित्याचे प्राध्यापक बुटांकडे बघत बसले.

परदेशी तज्ज्ञाने दुभाष्यामार्फत विचारलं, बाईंचं काम वाचतं कोण?

"मेंढपाळ. या खोऱ्यातले सगळे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची पोरं वाचून दाखवतात."

तो म्हणाला, दिलगीर आहे, पण आमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

"मग रकाना काढा," बुरुलकान म्हणाली. "तुमचाच तक्ता आहे ना?"

मेलिसने खूण केली तसे दोन कर्मचारी तिच्याकडे निघाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून निखत उठली. पाठोपाठ जाकिटं घातलेली सगळी रांग उठली. निखतने आधी इंग्रजीत परदेशी माणसासाठी सांगितलं आणि मग तेच बाजारातल्या किरगीझमध्ये हॉलसाठी:

"आमच्या नावावर ते वसतिगृह बांधू नका. आम्हाला खाटा नकोत, पेशंट पाहिजेत. इस्पितळ मिळेपर्यंत आम्ही वर्गात बसणार नाही, जिन्यावर बसू."

आणि ती मुलं खरंच जिन्यावर जाऊन बसली. समितीला खाली उतरायला वाट राहिली नाही. चहा वरच थंड झाला.

याचा शेवट जिंकण्यात झाला असं बुरुलकान कधी म्हणत नाही. अहवाल आला आणि विद्यापीठ विलीन झालं. दारावरची पाटी उतरली, तिथे राजधानीतल्या विद्यापीठाची शाखा अशी नवी लागली. मेलिस मंत्रालयात सल्लागार म्हणून गेला. जायच्या दिवशी तो कुंपणापाशी आला, नमद्याच्या घरात बसला, कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा संपवला आणि म्हणाला, "बुरुल, मी तरी काय करणार होतो?" तिने त्याला दुसरा वाडगा भरून दिला.

कुरणशास्त्र विभाग बंद झाला. पद रद्द करायला तिच्या सहीची गरजच नव्हती, वरूनच हुकूम निघाला. वैद्यकीयची नवी भरती थांबवली गेली आणि बाहेरून मुलं येणं बंद झालं, तसं वसतिगृहाचं काही कारण उरलं नाही. ठेकेदार यंत्र घेऊन गेला. कुंपण वाचलं ते असं. आपल्या भाषणाने ते वाचलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. जिन्यावरच्या मुलांमुळे मात्र जिल्हा इस्पितळाशी करार झाला, आणि निखतच्या वर्गाने उरलेली दोन वर्षं खऱ्या पेशंटांत काढली. निकालाच्या दिवशी ती तोलेगेनची नाडी पुन्हा बघायला आली नाही, थेट बीपीचं यंत्र घेऊन आली आणि त्याचं मीठ बंद करून गेली. तोलेगेन तिला अजून शिव्या घालतो.

बुरुलकानकडे आता पर्यावरण या सर्वसाधारण विषयाचे थोडे तास आहेत. वसंतात ती गवत कापते, वाळवते, तोलते. त्याचा मोबदला कुणी देत नाही, आणि परवानगी ती कुणाला विचारत नाही.

गेल्या शरदात शाखेचा नवा संचालक राजधानीहून आला. तरुण, बारीक, टाय घातलेला, परदेशात शिकलेला. पहिल्याच सभेत त्याने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सगळे विषय इंग्रजीत शिकवले जातील, क्रमवारीत वर यायचं तर दुसरा मार्ग नाही. कुणाला काही शंका?

सगळ्यांनी वह्यांत डोकं घातलं. बुरुलकान उठली.

"शंका नाही. मी मेंढपाळांच्या पोरांना त्यांच्या भाषेत शिकवते, ते तसंच चालू राहील. तुम्हाला ते थांबवायचं असेल तर वर्ग टेकडीवर असतो, सकाळी. येताना बूट बदलून या, दव असतं."

दोन दिवसांनी तो आला. बूट बदलले नव्हते. चिखलाने पावलं जड झालेली, टाय वाऱ्याने खांद्यावर गेलेला. मुलं चपापून उठायला लागली, पण बुरुलकानने त्यांना हातानेच बसवलं. तिने नमद्यावर थोडी जागा केली, त्याच्या हातात चहाचा वाडगा दिला आणि विळ्याने कापलेली गवताची मूठ पुढे टाकली.

"यातलं मेंढी आधी काय खाईल?" तिने मुलांना विचारलं. "नव्या सरांनाही सांगू दे."